बुडालेल्या जहाजातली चिनी माती सोलापूरच्या घरात मांडताना

चकचकीत निळी-पांढरी वाटी कुठल्याही क्रॉकरीच्या दुकानात मिळते आणि स्वस्तात मिळते. समुद्राच्या तळातून वर काढलेली दोनशे वर्षांपूर्वीची वाटी घ्यायची ती तिची चकाकी गेलेली असते म्हणून. अर्धी झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, मंद झालेली, काठावर शिंपल्याची खूण, लाल फुलाच्या जागी उरलेली नुसती सावली: यातच तिची शोभा आहे. हे डोळ्यांना पटत नसेल तर या वाटेला जाऊ नका. पैसे वाचतील, शिवाय ती वाटीही कुणाच्या तरी घासण्यातून वाचेल.

ज्यांना पटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरात एक-दोन वस्तू नीट मांडायच्या आहेत, दुकान थाटायचं नाही, असं धरून. आपलं गाव कोरडं, धुळीचं, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचं. परदेशी पुस्तकांतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

आधी जहाजं ओळखा

बाजारात फिरणारा बराचसा माल मोजक्या जहाजांतून आलेला आहे. तीन-चार नावं पाठ झाली की विक्रेत्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं-खोटं तिथेच कळतं.

'गेल्डरमालसेन' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज. कँटनहून (आजच्या ग्वांगचौहून) हॉलंडला जाताना जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात खडकावर आदळून बुडालं. चहाला ओल चालत नाही, म्हणून जड भांडी जहाजाच्या तळाशी आणि त्यावर चहाच्या पेट्या, अशी तेव्हाची भरण्याची रीत. बुडालेली जहाजं शोधणाऱ्या मायकेल हॅचरने १९८५ मध्ये त्यातले सुमारे दीड लाख नग वर काढले. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने त्यांचा लिलाव केला. हाच तो 'नानकिंग कार्गो'. बाहेरून तपकिरी झिलई आणि आत निळी नक्षी, अशा वाट्या-बश्या यात पुष्कळ आहेत. सोलापूरच्या काळ्या दगडी भिंतीपुढे त्या फार देखण्या दिसतात.

'टेक सिंग' हे चिनी गलबत. फेब्रुवारी १८२२ मध्ये बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जकार्ताकडे जाताना बुडालं. १९९९ मध्ये सापडलं. सुमारे साडेतीन लाख नग निघाले आणि २००० साली जर्मनीत श्टुटगार्टला विकले गेले. नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, कारण माल भरपूर, म्हणून किंमत आवाक्यात आणि कागदपत्रंही सहसा असतात. भांडी फूच्यान प्रांतातल्या देहुआच्या भट्ट्यांची, रोजच्या जेवणाची. त्या जहाजाबरोबर सुमारे सोळाशे माणसं बुडाली. काही विक्रेते ही गोष्ट जाहिरातीसारखी वापरतात, ते मला खटकतं.

'डायना' आपल्याला जवळची. कँटनहून मद्रासकडे येताना १८१७ मध्ये मलाक्काजवळ बुडाली, म्हणजे तो माल हिंदुस्थानातल्याच घरांसाठी निघाला होता. १९९४ मध्ये वर आला, १९९५ मध्ये विकला गेला. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळचे 'का माउ' आणि 'होई आन' हे आणखी दोन. त्यातला होई आनचा माल पंधराव्या शतकातला, चिनी नसून व्हिएतनामी. त्याची माती सच्छिद्र असल्यामुळे सांभाळायला अवघड. पहिली खरेदी म्हणून तो नको.

हा सगळा घाऊक माल होता. राजेरजवाड्यांचं काही नाही, हजारोंनी भाजलेली वापरायची भांडी. त्यामुळे नक्षी काढणाऱ्याचा हात भरभर चाललेला दिसतो. कमळाची पाकळी दोन फटकाऱ्यांत संपलेली असते, आणि तीच गंमत आहे.

समुद्राने काय केलं ते वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

निळा रंग कोबाल्टचा. तो कच्च्या भांड्यावर काढतात, वरून झिलई देतात आणि मग भाजतात. रंग झिलईच्या खाली बंद होतो, म्हणून समुद्रातही टिकतो. लाल, हिरवा, सोनेरी हे रंग मात्र भाजलेल्या झिलईच्या वर लावून कमी आंचेवर पुन्हा भाजलेले असतात. खारं पाणी आणि वाळू ते खाऊन टाकतात. बशी समोरून पाहिली तर कोरी दिसते, पण तिरपी धरून खिडकीकडे केली की जिथे रंग होता तिथली झिलई किंचित वेगळी चमकते आणि गेलेलं फूल दिसू लागतं. ही सावली दिसणारी बशी आणि रंग शाबूत असलेली बशी शेजारी ठेवली तर मी पहिली उचलेन.

दुसरं, झिलईचा मंदपणा. एखादी वाटी हातात घेऊन बुडापासून काठापर्यंत सावकाश फिरवा. एका बाजूला काच घासल्यासारखी दुधाळ झिलई असते, दुसऱ्या बाजूला आजही तोंड दिसेल इतकी चकाकी. मध्ये वळणदार रेघ. चकाकणारी बाजू चिखलात रुतलेली होती, दुधाळ बाजू वाहत्या वाळूत उघडी होती. वाट्या एकात एक रचलेल्या असल्या तर आतल्या बाजूला शेजारच्या वाटीच्या बुडाचं वर्तुळ उमटलेलं असतं. त्या वर्तुळाच्या आत रंग ताजा, बाहेर फिका.

देहुआच्या पुष्कळ वाट्यांत मधोमध झिलई नसलेलं खरबरीत कडं असतं. तो समुद्राचा प्रताप नव्हे आणि दोषही नव्हे. भट्टीत जागा वाचवायला भांडी एकावर एक रचत. ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तेवढी झिलई पुसून टाकत. नवखे लोक नेमकं हेच दाखवून किंमत पाडायला जातात आणि विक्रेता मनात हसतो.

तिसरं, चिकटलेलं. शंख-शिंपल्यांचे पांढरे थर, प्रवाळ, कुठे लोखंडाच्या गंजाचा तांबूस डाग. काही वेळा चार-पाच वाट्या प्रवाळात जखडून एक गोळाच झालेला असतो. लिलाववाले त्याला 'सी स्कल्प्चर' म्हणून वेगळा विकतात. दिवाणखान्यात एकच वस्तू ठेवायची असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर असा गोळा दहा सुट्या बश्यांना भारी पडतो.

घेण्याआधी बघून या

फोटोवरून डोळा तयार होत नाही. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर. गोलघुमटाच्या पुढ्यात नक्कारखान्याच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथे आदिलशाही काळातली चिनी भांडी पाहायला मिळतात. ती समुद्रातून काढलेली नाहीत, म्हणूनच आधी ती बघा. न बुडालेलं भांडं कसं दिसतं ते ठाऊक असेल तरच बुडालेल्याचं काय झालं ते कळेल. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथेही चिनी मातीची मोठी दालनं आहेत. सोलापूरहून हैदराबाद सोयीचं.

जहाजातलाच माल बघायचा तर सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमला पर्याय नाही. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या अरबी जहाजाचा माल तिथे आहे. त्यात चीनमधल्या चांगशाच्या भट्ट्यांतले हजारो वाडगे, आणि एकावर इसवी सन ८२६ शी जुळणारी तारीख. घरातलं कुणी कामानिमित्त सिंगापूरला जात असेल तर सोडू नका.

खरेदी: आधी कागद, मग वाटी

सोलापूरच्या जुन्या बाजारात ग्वाल्हेरच्या कपबश्या, लोणच्याच्या जुन्या बरण्या, क्वचित युरोपात बनलेल्या छापील नक्षीच्या बश्या मिळतील. त्या जरूर घ्या, छान असतात. पण तिथे कुणी "साहेब, जहाजातलं आहे" म्हणालं तर चहा पिऊन उठा. असा माल बहुधा परदेशी लिलावातून किंवा परदेशी विक्रेत्याकडूनच येतो.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. कुठल्या जहाजाचा माल? कुठल्या लिलावात, कुठल्या लॉट नंबरने (लिलावातल्या क्रमांकाने) विकला गेला? बुडावर मूळ लिलावाचं लेबल आहे का? डागडुजी झाली आहे का? मग बुडाचा स्पष्ट फोटो आणि तिरप्या उजेडातला एक फोटो मागा. जो तिरपा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. नुसतं लेबल म्हणजे पुरावा नाही. एका भांड्याचं सोलून दुसऱ्याला लावता येतं. लेबल, लॉट नंबर आणि लिलावाच्या कॅटलॉगमधली नक्षी तिन्ही जुळली पाहिजेत.

बनावट माल ओळखायच्या काही खुणा आहेत. नवं भांडं वाळूकागदाने घासून मंद केलं असेल तर ते सगळीकडून सारखंच मंद दिसतं. समुद्र इतका नीटनेटका नसतो. शिंपले डिंकाने चिकटवले असतील तर भिंगाखाली त्यांच्या कडेला चमकदार ओघळ दिसतो. खरा थर फुटक्या कडेवर, टवक्यावर, बुडाच्या खरबरीत कडेवरही चढलेला असतो. नकली शिंपला नेमका फोटोत दिसेल तिथे बसतो. नोटा तपासायची जांभळट प्रकाशाची बॅटरी अंधारात फिरवा. नंतर भरलेले टवके आणि रंग मूळ झिलईपेक्षा वेगळे उजळतात. शेवटी वाटी तळहातावर मोकळी ठेवून नखाने टिचकी मारा. अखंड वाटी घुमते, तडा गेलेली बद्द वाजते.

टवका उडालेली, पण कागद असलेली वाटी घ्या. अखंड, पण बेवारस वाटी घेऊ नका. आणि "नुकताच सापडलेला माल" असं कुणी म्हणालं तर दूर राहा. युनेस्कोचा २००१ चा करार बुडालेल्या वारशाच्या व्यापाराच्या विरोधात आहे, आणि पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं मला पटतं: विक्रीसाठी जहाज उपसलं की कुठली वस्तू कुठे होती, कुणाची होती, हे कायमचं पुसलं जातं. गोव्याजवळ सुंची रीफपाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. चिनी पोर्सिलेन (पांढरी, घट्ट भाजलेली चिनी माती), ब्रह्मदेशातल्या मार्तबानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या रांजणांची खापरं, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात असं सगळं एकत्र सापडलं, म्हणून तर त्या जहाजाचा प्रवास जुळवता आला. जुने, जाहीर लिलाव होऊन गेलेले माल तेवढे आपले.

वाहतूक, विमा आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटशी बोला. वस्तूचं वय दाखवणारा कागद नसेल तर पार्सल अडकू शकतं.

घरी आल्यावर: मीठ

लिलावात गेलेल्या बहुतेक भांड्यांतलं मीठ आधीच काढलेलं असतं. तरी आल्या आल्या वाटी एका पांढऱ्या कागदावर ठेवा आणि काही दिवस नुसती बघा. कागदावर झिलईची पूड पडते का, भेगांतून पांढरी बुरशीसारखी लव येते का?

येत असेल तर आत मीठ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतं. दर वेळी स्फटिक झिलईला आतून ढकलतात, शेवटी पापुद्रे सुटतात. सोलापुरात मे महिन्यातली भाजकी हवा, मग पावसाळ्याचा दमटपणा, त्यात उन्हाळाभर दुपारी चालू आणि रात्री बंद होणारा कूलर. मिठाला एवढे झोके दुसरीकडे क्वचित मिळत असतील.

मीठ काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. तशाच कॅनमध्ये ॲसिडही मिळतं, लेबल दोनदा वाचा. बोअरचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर घरी असतोच, नसला तर शेजाऱ्याकडे असतो. तो पाण्यात बुडवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. प्लॅस्टिकच्या टबमध्ये पांढरा, धुतलेला टॉवेल अंथरा (टॉवेलला आपल्याकडे काय तोटा), वाटी पूर्ण बुडेल इतकं पाणी घाला आणि झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटर बुडवा. आकडा चढलेला दिसेल, ते बाहेर आलेलं मीठ. पाणी बदला. असं करत राहा, जोवर दिवसभर ठेवूनही आकडा जागचा हलत नाही. पोर्सिलेनला थोडे दिवस पुरतात, सच्छिद्र भांड्याला आठवडे लागतात. मग सावलीत, पंख्यापासून लांब, हळूहळू वाळू द्या.

झिलईचे पापुद्रे आधीच सुटत असतील, वर लाल-सोनेरी रंग उरला असेल किंवा भांडं जोडलेलं असेल, तर मात्र हे करू नका. ते काम संग्रहालयात जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं.

पांढरा डाग म्हणजे मीठच असं नाही. नळाच्या पाण्याने धुतलं की आपल्या पाण्यातला क्षारही पांढरा बसतो. डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब टाका. मीठ लगेच विरघळतं, पाण्याचा क्षार तसाच राहतो. म्हणून कधीही धुतलं तरी शेवटचं पाणी डिस्टिल्डच.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, बाथरूमचं ॲसिड यातलं काहीही लावायचं नाही. आंबटाने प्रवाळ निघतो हे खरं, पण ज्याचे पैसे दिले तेच गटारात जातं.

मांडणी

समोरून पडणारा ट्यूबलाइटचा उजेड या भांड्यांना मारून टाकतो. उजेड बाजूने हवा. शोकेसच्या एका कडेला खाली पिवळसर प्रकाशाची छोटी एलईडी पट्टी लावा, की झिलईचे चढउतार आणि गेलेल्या फुलांच्या सावल्या दिसू लागतात. पश्चिमेच्या खिडकीतलं तिरपं ऊन हेच काम फुकट करतं. उन्हाने निळा रंग उडत नाही, तो भट्टीत पक्का झालेला आहे. पण जोडलेल्या भांड्याचा गोंद आपल्या मे महिन्यात पिवळा पडतो, मऊ होतो. तशी भांडी खिडकीत नकोत. कूलरच्या झोतात तर कुठलीच नको.

मागे काय आहे याला फार महत्त्व. गावात जुन्या वाड्यातलं घर असेल तर दगडी भिंतीतला कोनाडा यासाठीच केलाय असं वाटावं. त्यात एकच वाटी, किंचित पुढे झुकवून ठेवा. फ्लॅटमध्ये शोकेसच्या पाठीला मांजरपाट ताणून लावा, त्याचा न धुतलेला पिवळसर पांढरा रंग निळ्याला उठाव देतो. सोलापुरी चादर मागे लावायचा मोह खूप जणांना होतो. चादर आपल्या अभिमानाची असली तरी तिची जेकार्ड नक्षी इतकी बोलकी, की बिचाऱ्या बशीचं कुणी ऐकत नाही.

कमी ठेवा. एकाच जहाजाच्या तीन वाट्या, तिन्हींचा मंदपणा वेगळा, अशा ओळीने मांडल्या तर पाहुणा आपण होऊन जवळ जातो. त्यांच्यात नव्या चकचकीत वस्तू मिसळल्या की जुन्या नुसत्या मळकट दिसतात.

बशी भिंतीवर लावायची तर स्प्रिंगच्या हँगरची टोकं उघडी ठेवू नका. फिश टँकच्या हवेच्या नळीचे तुकडे कापून त्यांवर चढवा. टवका उडालेल्या बशीला हँगर नको, तिला पुढे ओठ असलेला ॲक्रिलिकचा स्टँड बरा. गावाच्या पूर्व भागात घराशेजारी यंत्रमाग चालत असतील तर फळीवरची वाटी हादऱ्यांनी हळूहळू पुढे सरकते. फळीला पुढे बारीक पट्टी ठोका आणि वाटीखाली पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा तुकडा घाला. ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते, त्यांना यंत्रमाग नसला तरी हे वेगळं सांगायला नको.

रोजचं

धूळ मऊ ब्रशने झटका. फडकं प्रवाळाला अडकतं. उचलताना दोन्ही हातांनी, बुडाखालून. काठाला धरून कधीच नाही. यात जेवायचं नाही, पाहुण्यांना कौतुकाने खायला द्यायचं नाही. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. हळदीकुंकवाला तिळगूळ भरून ठेवायचा विचारही नको.

कागद कुठे ठेवाल

प्रत्येक वस्तूसाठी एक पाकीट करा: बिल, लॉट नंबर, कस्टमची पावती, बुडाचा आणि तिरप्या उजेडातला फोटो. बुडावरचं लेबल सोलू नका, कितीही कुरूप दिसलं तरी. ते गेलं की वाटीची ओळख गेली.

आणि घेण्याआधी घरच्यांशी एक बोलून ठेवा. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे एकदा सोलापुरात आलेली वाटी बहुतेक इथलीच झाली. मुलगी अमेरिकेत आहे, पुढे तिला देऊ, असा बेत असेल तर वाटी तिकडेच विकत घेऊन तिच्याच घरी ठेवा. तुम्ही बघायला जा.